इब्राहिमची लांबण

लोणावळे, १२ सप्टेंबर १९३४

चि. त्रिंबक यास आशीर्वाद.

बर्फाच्या कारखान्याच्या बंधाऱ्यावरचा राखणदार इब्राहिम वडगावच्या कैदेत आहे, आणि त्याला तिथे नेणारा इंग्रजी कबुलीजबाब तू लिहिला आहेस. म्हणून हे पत्र लिहिणे भाग पडले. एरवी तुझ्या लग्नापासूनची चार वर्षे, एकाच गावात असूनही, न बोलता न लिहिता गेली, तशी आणखीही गेली असती.

काल त्याची बायको बिस्मिल्ला जबाबाची नक्कल घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, ह्यात काय लिवलंय त्ये वाचा. वकील म्हनतो, तुज्या नवऱ्यानं समदं कबूल केलंय. आन् ह्यो म्हनतो, म्या समदं सांगितलं. मंग आत का घातला?"

मी वाचले. जेमतेम अर्धे पान आहे. त्याचे मराठी असे: 'मी बंधाऱ्याचा राखणदार. त्या सकाळी पाण्याचे दार उघडले गेले तेव्हा मी दारापाशी नव्हतो. खाली ओढ्यात बायका धुणे धूत आहेत हे मला ठाऊक होते. टु कट अ लाँग स्टोरी शॉर्ट, इशारा वेळेवर पोहोचला नाही आणि सरुबाई नावाची बाई वाहून गेली.' खाली अंगठा, मॅनेजरची सही आणि 'देशी भाषेत वाचून दाखवले, कबूल आहे' हा शेरा. लिहिणाऱ्याचे नाव नाही.

नाव कशाला हवे? कारखान्याच्या कचेरीत इंग्रजी लिहिणारे दोघेच. मोठे कारकून 'आय बेग टु स्टेट' म्हटल्याशिवाय पुढची ओळ लिहीत नाहीत. बोलण्यातला इंग्रजी शब्दसमूह अचूक जागी, पुढे स्वल्पविराम देऊन, मोठ्या ऐटीत लिहिणारा माणूस मीच या घरात वाढवला. मॅट्रिकच्या वर्षी कार्ल्याच्या सहलीवरच्या निबंधात तू हेच शब्द घातले होतेस. तेव्हा मी सांगितले होते की हे शब्द मित्राला लिहिताना चालतात. वाचणाऱ्याला हवी असेल तर पूर्ण हकीकत त्याला विचारता आली पाहिजे, तरच ती आखडण्याचा हक्क लिहिणाऱ्याला असतो. अर्जात नाही, जबाबात तर मुळीच नाही. तू वाद घातलास, मग मानलेस. म्हणजे नियम तुला ठाऊक आहे.

'ठाऊक होते' या तुझ्या दोन शब्दांमुळे हा नुसता निष्काळजीपणाचा खटला राहिलेला नाही. सदोष मनुष्यवध लावला आहे. जामीन नाही. ३ ऑक्टोबरला वडगावचे मॅजिस्ट्रेट ठरवणार आहेत की त्याला पुण्याच्या सेशन कोर्टाकडे पाठवायचे की सोडायचे. जबाब झाल्यावर तुला लगोलग मुंबईच्या कचेरीत का हलवले, हे मी विचारत नाही.

त्या दिवशी ये, आणि इब्राहिमने तुला काय सांगितले होते ते सांग. बाकी काही मागत नाही.

तुझी आई


लोणावळे, १८ सप्टेंबर

चि. त्रिंबक यास आशीर्वाद.

तुझे उत्तर नाही. दरम्यान मी वडगावला जाऊन इब्राहिमला भेटले. मी गजांशी उभी राहिले तसा तो भिंतीला धरून उठू लागला आणि पुन्हा बसला. म्हणाला, "बाई, शाळंतल्या पोरींवानी मला उबं करू नगा. पाय लय दुकतोय." मी म्हटले, बसून सांग, पण पहिल्यापासून सांग. तो हसला. "पयल्यापास्नं सांगितलं की लोकं जांभया देत्यात."

मी जांभई दिली नाही. तुलाही पुन्हा ऐकायला हरकत नसावी.

बंधाऱ्याची रीत तू पाहिली आहेस. दार उघडायचे ठरले की राखणदार पत्र्याचा डबा बडवत ओढ्याकाठाने खाली जातो. धुण्याच्या दगडांवरच्या बायका कपडे गोळा करून वर येईपर्यंत तिथे थांबतो. मग पुन्हा चढून येतो आणि स्वतःच्या हाताने चाक फिरवतो. तो वर पोहोचेपर्यंत चाकाला कुणी हात लावायचा नाही. म्हणून डबा ऐकला तरी बायका घाई करीत नसत. त्यांना माहीत होते, जोवर इब्राहिम आपल्यासमोर उभा आहे तोवर पाणी येत नाही.

"सरुबाई तर मुद्दाम हळू उटायची," तो म्हणाला. "म्हनायची, आला बगा डबडंवाला! आरं, पानी काय तुज्या बापानं आडवलंय व्हय? म्या म्हनायचो, मावशे, बापानं आडवलं आसतं तर तुला वाहूनच न्हेलं आसतं. आसं बोलायचो बाई म्या तिला." 

त्या सकाळी मॅनेजर साहेबाकडे मुंबईचे पाहुणे होते. भर पावसात छत्र्या घेऊन बंधाऱ्यावर आले. त्यांना दारातून उसळणारा फेस पाहायचा होता. साहेबाने दार उघडायला सांगितले. इब्राहिम म्हणाला, खाली सांगून येतो. साहेब म्हणाला, जा. हा गेला. पाहुण्यांना भिजायचा कंटाळा आला असेल. साहेबाने तिथेच उभ्या असलेल्या नथू फिटरला चाक फिरवायला लावले.

इब्राहिम अजून वळणावर होता. मागून आवाज आला. "आवाज मला वळकू येतो बाई. माज्या हातानं रोज काडलेला आवाज. पन आज त्यो मागनं आला." तो डबा टाकून ओरडत पळाला. धुणे धुणारी बयाबाई आणि बाकीच्या बायका वर चढल्या. सरुबाई वाकळ घ्यायला परत वाकली. त्याने उडी घातली आणि तिचा हात धरला. पाण्याबरोबर आलेला ओंडका त्याच्या पायावर बसला. "हात माज्या हातात व्हता. बांगड्या फुटल्या, त्या हितं घुसल्या. मंग नुसत्या बांगड्याच ऱ्हायल्या." त्याने तळहात दाखवला. अजून भरलेला नाही.

हे सगळे त्याने तुला सांगितले होते. तो म्हणतो, "त्रिंबकराव लिवत व्हते. म्या इचारलं, आलं का समदं? म्हनले, आलं. मंग अंगटा दिला."

त्रिंबक, तुझ्या जबाबातले एकही वाक्य खोटे नाही. तो दारापाशी नव्हता, कारण तो इशारा द्यायला गेला होता. बायका खाली आहेत हे त्याला ठाऊक होते, म्हणूनच तर गेला होता. तू कापलेस तेवढेच त्याच्या बाजूचे होते.

एक गोष्ट मला सुचते, ती लिहिते. अंगठा देणाऱ्या माणसाच्या तोंडी असले इंग्रजी शोभत नाही, हे तुला कळते. कुणीतरी शहाणा माणूस वाचेल, थांबेल आणि विचारेल की ती मोठी हकीकत कोणती, म्हणून तू ही खूण मुद्दाम ठेवलीस का? तसे असेल तर मी वाचली आहे. आता ये.

तुझी आई


लोणावळे, २४ सप्टेंबर

चि. त्रिंबक यास आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. टंकलेखन नीटनेटके आहे.

तू लिहितोस की खूण वगैरे काही ठेवली नव्हती. साहेब खुर्चीमागे उभा होता, 'शॉर्ट, शॉर्ट' म्हणत होता, आणि सवयीने ते शब्द उतरले. बरे झाले सांगितलेस. मी तुझ्यावर नसते चांगुलपण लादत होते.

तू लिहितोस की पूर्वी मी तुझ्या प्रत्येक पत्रावर तांबडी शाई ओतून ते परत पाठवले, आणि आता जबाबालाही सोडत नाही. पत्रात चुका होत्या म्हणून काढल्या. त्या चुकांनी कुणी कैदेत गेले नव्हते. ही तुलना पुन्हा करू नकोस.

तू लिहितोस की नोकरी सासऱ्यांच्या शब्दावर मिळाली आहे, ती गेली तर मुंबईत उभे राहायला जागा नाही, आणि सौ. वेणूला सातवा महिना आहे. ती मुंबईला माहेरी होती, म्हणून हे शेवटचे मला आजच कळले. तिची तब्येत कशी आहे, पायावर सूज आहे का, हे मला तू लिहू नकोस, तिला लिहू दे. तुम्ही दोघे इथे या. शाळेचा पगार आहे, घर आहे. बाळंतपण मी करीन. तिला माझे बोलणे सोसत नाही हे मला माहीत आहे. मी कमी बोलेन.

आता इथले ऐक. रविवारी कोंडाजी, म्हणजे सरुबाईचा नवरा, पडवीत येऊन उभा राहिला. बस म्हटले तर बसला नाही. म्हणाला, "बाई, तुमी राखनदाराची बाजू घेता म्हनं. त्येची घ्या. माजीबी कुनीतरी घ्या. पावसात दुसरी वाकळ न्हाई घरात, म्हनून ती धुवाय गेलती. आन् ह्यो म्हनं कुटंतरी बिडी वडत बसला व्हता."

मी विचारले, असे कोण म्हणाले?

"कारखान्यातली समदीच म्हनत्यात. इंग्रजीत लिवून दिलंय म्हनं त्येनं."

तुझ्या अर्ध्या पानाचे गावात असे झाले आहे. मी बयाबाईला बोलावले आणि त्याच्यासमोर विचारले. ती म्हणाली, "कोंडाजीभाऊ, डबा वाजत व्हता. मंग वाजायचा थांबला आन् त्यो वरडत आला. त्येच्या मागनंच पानी. त्यो बिडी वडत आसता तर म्या आज हितं आसते व्हय?" कोंडाजीने टोपी काढली, पुन्हा घातली आणि गेला.

बयाबाईला साक्षीला उभे करू, असे मी वकिलांना सांगितले. ते म्हणाले, करू. पण आरोपीने स्वतः कबूल केलेले असताना चार बायकांचे बोलणे कितपत टिकेल सांगता येत नाही. मी म्हटले, मग मला उभे करा, असे शब्द कबुलीजबाबात येऊच शकत नाहीत हे मी कोर्टाला समजावते. ते हसले. "बाई, कोर्ट म्हणजे तुमचा वर्ग नव्हे. समोरचा वकील विचारेल, तुम्ही तिथे होता का? तुम्ही म्हणाल, नाही. तो म्हणेल, बसा." मी नथूकडेही गेले. त्याने दार अर्धेच उघडले. "मला काय बी म्हाईत न्हाई बाई. माज्या घरात खानारी तोंडं हायती. तुमी मोटी मानसं, तुमचं काय जातंय."

जबाबाच्या वेळी तिथे होतास तो तू. साहेब, इब्राहिम आणि तू. साहेब बोलणार नाही. इब्राहिमचे कुणी मानणार नाही. उरलास तू.

तुझी आई


लोणावळे, २९ सप्टेंबर

त्रिंबक,

इब्राहिमचा पाय चिघळला आहे. बिस्मिल्लाने काल मला तो पाहायला लावला. घोट्याच्या वर काळा पडला आहे. वास येतो. कैदेत येणारे डॉक्टर म्हणाले, पुण्याच्या मोठ्या इस्पितळात न्यायला हवा, आणि लवकर. वकिलांनी तसा अर्ज केला आहे. त्यावरचा हुकूमही ३ तारखेलाच होणार आहे. सेशनला पाठवला तर खटला कधी उभा राहील देव जाणे. तोवर हा माणूस टिकणार नाही. मी डॉक्टर नाही, पण डोळे आहेत.

तो तापात आहे. मला पाहून म्हणाला, "सरुमावशीला सांगा, वाकळ ऱ्हाऊ दे." बिस्मिल्लाने माझा हात इतका घट्ट धरला की सोडवता येईना. आणि मी तो सोडवायचा प्रयत्न केला, हेही लिहिते. मला तिच्याकडे पाहवेना. ती म्हणत होती, "तुमचं पोरगं येनार हाय न्हवं? तुमी लिवलंय न्हवं त्येला?" मी हो म्हटले. कशाच्या जोरावर म्हटले?

आता तुला जे लिहायचे टाळले ते लिहिते. पहिल्या भेटीतच वकिलांनी मला बजावले होते. तू कोर्टात उभा राहून सांगितलेस की इब्राहिमने सांगितलेले तू जाणून गाळलेस आणि तरी 'वाचून दाखवले, कबूल आहे' असा शेरा लिहिलास, तर ते खोटा पुरावा तयार करणे होते. मॅजिस्ट्रेट तुझ्यावरच खटला करायला सांगू शकतात. शिक्षा होऊ शकते, आणि ती लहान नसते. वकील म्हणाले, "बाई, मुलाला बोलवायच्या आधी नीट विचार करा." मी विचार केला, आणि तीन पत्रांत तुला हे कळवले नाही. मला भीती होती की कळले तर तू येणार नाहीस. नोकरी जाईल, मी सांभाळीन, एवढेच लिहीत राहिले. तुला अर्धेच सांगून बोलवायचे, म्हणजे तू इब्राहिमशी केलेस तेच मी तुझ्याशी करणार होते. ते मला जमणार नाही. आता सगळे तुझ्यापुढे आहे.

हे वाचून तू आला नाहीस तर मी तुला दोष देणार नाही असे लिहायला हवे. लिहवत नाही. मी दोष देईन. पण तुझ्या बायकोला सातवा महिना असताना तुला तुरुंगाच्या दारात ये म्हणणारी मीच, हेही मला कळते. रोज सकाळी गाडीच्या वेळेला मी फाटकाशी जाऊन उभी राहते. आलास तर काय बोलायचे, ते मला ठाऊक नाही.

त्रिंबक, ये रे. येऊ नकोस असे मला वाटते, तरी ये.

आई


लोणावळे, ४ ऑक्टोबर

चि. सौ. वेणू हिस आशीर्वाद.

आपण एकमेकींना कधी पत्र लिहिले नाही. पहिलेच असे लिहावे लागते आहे. तार तुला काल मिळाली असेल. तारेत मावले नाही ते इथे पूर्ण लिहिते. तुझे वडील कदाचित दुसरेच काही सांगतील, म्हणून तू माझे आधी वाच.

त्रिंबक सकाळच्या गाडीने थेट वडगावला उतरला. घरी आला नाही. मी कोर्टाच्या ओट्यावर बसले होते. त्याने नमस्कार केला आणि विचारले, "तो कुठे आहे?" इब्राहिमला चादरीत घालून आणले होते, तो व्हरांड्यात पडला होता. त्रिंबक त्याच्यापाशी बसला. इब्राहिमने त्याला ओळखले. म्हणाला, "त्रिंबकराव, समदं आलं का?" त्रिंबक मग म्हणाला, "आज येईल."

कारखान्याच्या कंपनीच्या वकिलाने त्याला विचारले की हे इंग्रजी शब्द तुमचे की आरोपीचे? तो म्हणाला, माझे. मग का घातले? तो म्हणाला, "हकीकत लांब होती आणि साहेबांना ती नको होती." मॅजिस्ट्रेट म्हणाले, कोर्टाला हवी आहे. मग त्याने सगळी सांगितली. मराठीत, आणि पुष्कळदा इब्राहिमच्याच शब्दांत. डबा, वळण, नथू, चाक, ओंडका, बांगड्या. मी एवढी वर्षे त्याला निबंध लिहायला शिकवले, पण त्याला असे बोलताना कधी ऐकले नव्हते. कोंडाजी मागच्या भिंतीशी उभा होता. बांगड्यांच्या वेळी तो तिथेच खाली बसला. नथूही होता. त्याने मान वर केली नाही. कंपनीच्या वकिलाने त्रिंबकला शेऱ्याबद्दल विचारले. त्याने तेही कबूल केले. साहेबांचे नाव सांगताना अडखळला, पण सांगितले.

इब्राहिमवर पुढे खटला चालवण्यासारखे काही उरत नाही, असा हुकूम झाला. दुसरा हुकूम त्रिंबकवर खोट्या पुराव्याचा खटला करण्याचा झाला. वकील आज जामिनासाठी धडपडत आहेत. मिळेल असे म्हणतात. मला त्यांच्या म्हणण्यावर फारसा भरवसा उरलेला नाही.

इब्राहिमला पुण्याला नेले. पाय राहील की नाही ते डॉक्टरांनी सांगितले नाही.

तू मला काय म्हणशील ते मी ऐकून घेईन. पत्रातून म्हण, नाहीतर इथे येऊन म्हण. इथे आलीस तर बरे. प्रवास दुपारच्या गाडीने कर, एकटी करू नकोस. मुंबईच्या घराला कुलूप लावून किल्ली शेजारी दे, घरमालकाकडे देऊ नकोस.

काल कोर्टाच्या आवारात ज्याच्या त्याच्या स्वाधीन जे झाले त्याची नोंद तुझ्यासाठी करते.

बिस्मिल्लाच्या स्वाधीन: तिचा नवरा इब्राहिम. शुद्धीत. चालता येत नव्हते. बैलगाडीत घालताना कोंडाजीने डोक्याकडून उचलले, कुणी सांगितले नव्हते.

पोलिसांच्या स्वाधीन: त्रिंबक. बेडी घातली नाही.

त्रिंबककडून माझ्या स्वाधीन: मनगटी घड्याळ, चष्म्याचे घर, तुझ्यासाठी दादरला घेतलेला आवळ्याचा मुरंबा, मुंबईच्या परतीचे तिकीट. मुरंबा आणि घड्याळ हे पत्र आणणाऱ्या माणसाबरोबर पाठवले आहे. मिळाल्याचे लिही.

माझ्याकडून त्रिंबकच्या स्वाधीन: माझ्या अंगावरची शाल. घेतली.

तुझी सासू
द्वारका